दाराचा निर्णय कुठे होतो?

मुंबई-पुण्यातल्या नव्या कार्यालयीन इमारतीत शिरताना कुलूप दिसत नाही. काचेच्या दाराच्या वरच्या कडेला जाडसर धातूची पट्टी असते आणि शेजारच्या भिंतीवर लाल दिव्याची काळी डबी. कार्ड टेकवलं की दिवा हिरवा होतो आणि दार सुटतं. सेकंदभराचा हा व्यवहार रोज इतक्या वेळा घडतो, की इमारतीची सुरक्षितता त्या डबीतच आहे असं वाटू लागतं. सोसायटीच्या सभेत किंवा कंपनीच्या खरेदीच्या बैठकीत चर्चाही तिच्याभोवतीच फिरते : कार्डाचं मशीन घ्यायचं की बोटाचं, बोटाचं की चेहऱ्याचं, आणि कुणाचं कोटेशन कमी आहे.

गेल्या काही दशकांतल्या घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर चित्र वेगळं दिसतं. या यंत्रणा फसल्या त्या बऱ्याचदा डबीच्या मागे : वायरीत, कालबाह्य कार्डात, कधीच न तपासलेल्या नावांच्या यादीत, दूरच्या सर्व्हरवर. आणि बंद दारांनी मोठ्या संख्येने जीव घेतले, ते आतल्या माणसांना बाहेर पडता आलं नाही म्हणून. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक प्रवेशयंत्रणेचा आढावा घ्यायचा, तर तिला तीन गोष्टी विचारायला हव्यात. नको त्या माणसाला ती कशी अडवते? आतल्या माणसाला संकटात कशी सोडते? आणि हे करताना आपल्याबद्दल किती माहिती साठवते?

किल्लीची मर्यादा

धातूची किल्ली हरवली तरी कुलपाला ते कळत नाही, हा तिचा मोठा दोष. एका खोलीची किल्ली गेली तर एक कुलूप बदलून भागतं. पण मोठ्या इमारतीत मास्टर किल्ली असते, आणि ती गेली तर सगळीच कुलपं बदलावी लागतात. मास्टर किल्लीची पद्धत मुळात किती कच्ची आहे, हे अमेरिकेतल्या एटी अँड टी प्रयोगशाळेतले संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं. एका दाराची साधी किल्ली, तिचं कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या एवढ्या सामानावर, कुलूप न खोलता, सगळ्या इमारतीची मास्टर किल्ली घडवता येते.

हॉटेलांना ही अडचण विशेष जाणवे, कारण तिथे किल्ली रोज नव्या माणसाच्या हाती जाते. नॉर्वेचे तोर सोर्नेस यांनी १९७५ मध्ये व्हिंगकार्ड कंपनीसाठी भोकं पाडलेलं प्लास्टिकचं कार्ड तयार केलं. कार्डावर भोकांसाठी ३२ जागा होत्या. मांडणी बदलली की कुलूप नव्या पाहुण्याचं होई आणि जुनं कार्ड निकामी ठरे. त्याआधी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स वॉल्टन यांना रेडिओलहरींनी दार उघडणाऱ्या कार्डाचं पेटंट मिळालं होतं. अशा कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच त्याला पुरेशी ऊर्जा मिळते. आज गळ्यात लटकणारं बहुतेक प्रत्येक ओळखपत्र याच कल्पनेवर चालतं.

किल्लीला न जमणाऱ्या तीन गोष्टी या यंत्रणेने शक्य केल्या. एका माणसाचा प्रवेश बाकी कुणाला त्रास न देता रद्द करता येऊ लागला. प्रवेशाला वेळ आणि जागा यांची मर्यादा घालता आली. सफाई कर्मचाऱ्याचं कार्ड सकाळी मजल्यावर चालेल, पण सर्व्हर रूमला चालणार नाही. आणि कोणत्या दाराने कोण कधी गेलं, याची नोंद राहू लागली. हे तिन्ही फायदे खरे आहेत. मात्र ते कार्ड किंवा रीडर देत नाही, त्यांच्या मागची सगळी जुळणी मिळून देते.

एका दाराची जुळणी

रीडर फक्त वाचतो. कार्डावरचा क्रमांक, बोटाचा ठसा किंवा दाबलेला पिन तो पुढे पाठवतो. निर्णय घेतो तो कंट्रोलर. छताच्या वर किंवा इलेक्ट्रिकल डक्टमध्ये बसवलेलं हे पॅनेल आपल्या यादीत क्रमांक शोधतं, वेळ पाहतं आणि कुलपाला हुकूम देतं. यादी सर्व्हरवरून येते, पण तिची प्रत पॅनेलमध्येही असते, म्हणून नेटवर्क गेलं तरी दार चालू राहतं. दाराच्या चौकटीत चुंबकीय सेन्सर असतो. दार जबरदस्तीने उघडलं किंवा फार वेळ उघडं राहिलं, तर तो अलार्म देतो. आतल्या बाजूला बाहेर पडण्यासाठी एक्झिट स्विच असतो.

आपल्याकडे काचेच्या दारावर सर्रास दिसणारं कुलूप म्हणजे ईएम लॉक, विद्युतचुंबक. त्यात हलणारा भागच नसतो. वीज चालू असेपर्यंत चुंबक दारावरची लोखंडी पाटी धरून ठेवतो. साधारण २७० किलोच्या ओढीला दाद न देणारी मॉडेल सामान्य वापराची आहेत. त्याच्या दुप्पट ताकदीचीही मिळतात. वीज गेली की ईएम लॉक सुटतो. याला फेल-सेफ म्हणतात. याउलट, चौकटीत बसणारे काही इलेक्ट्रिक स्ट्राइक वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहतात, ते फेल-सिक्युअर. कुठल्या दाराला यातलं काय लावायचं, हा निर्णय रीडरच्या निवडीपेक्षा मोठा आहे, आणि कोटेशनमध्ये तो बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

ईएम लॉक विजेवरच जगत असल्याने बॅटरी हा सुरक्षेचाच भाग ठरतो. पॅनेलच्या खोक्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. अर्धा अँपिअर घेणारा एकच लॉक तिच्यावर कागदोपत्री १४ तास चालेल. पण पॅनेल आणि रीडरही तीच वीज खातात आणि दोन-तीन वर्षांत बॅटरीची ताकद खूप उतरते. एरवी दिवा हिरवा-लाल होत राहतो, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. लोडशेडिंगच्या पहिल्याच लांब रात्री सगळी दारं सुटतात.

छोट्या कार्यालयांत आणि दुकानांत खर्च वाचवण्यासाठी वेगळा कंट्रोलर घेतच नाहीत. हजेरीसाठी आणलेलं बायोमेट्रिक मशीनच दाराला जोडतात. रीडर, यादी आणि कुलपाचा रिले असं सगळं एकाच डबीत, आणि डबी दाराच्या बाहेर. तिचे स्क्रू काढणाऱ्याला कुलपाच्या वायरी हातात मिळतात, मग आतली बोटांची ओळख कितीही अचूक असो. यावर उपाय सोपा आहे : निर्णय घेणारा आणि कुलूप सोडणारा भाग आतल्या बाजूला ठेवायचा आणि बाहेर फक्त वाचणारा.

कार्डाने कोणती खूण सांगितली?

दारावर टेकवलेली सगळी कार्डं दिसायला सारखी असतात, पण आतून त्यांच्यात फार अंतर आहे. सर्वांत जुनी आणि आपल्याकडे अजूनही विपुल आहेत ती १२५ किलोहर्ट्झची कार्डं आणि चावीसारखे फॉब. लहरी मिळाल्या की कार्ड आपला ठरलेला क्रमांक बोलून दाखवतं. विचारणारा रीडर खरा आहे का, हे ते पाहत नाही. त्यामुळे क्रमांक ऐकणारं कुठलंही यंत्र त्याची नक्कल करू शकतं, आणि अशी हातात मावणारी यंत्रं बाजारात उघड विकली जातात. २०१३ मध्ये सुरक्षा-संशोधक फ्रान्सिस ब्राउन यांनी लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत याहून पुढची पायरी दाखवली : बॅगेत मावणाऱ्या मोठ्या रीडरने जवळून जाणाऱ्या माणसाच्या खिशातलं कार्ड काही फुटांवरून वाचता येतं.

१९९० च्या दशकात आलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाने यावर उत्तर दिल्याचं सांगितलं. ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, कार्ड आणि रीडर एकमेकांची परीक्षा घेतात आणि संभाषण गुप्तलिपीत होतं. जगभर कोट्यवधी कार्डं कार्यालयांत, वसतिगृहांत आणि बसगाड्यांत पोचली. गुप्तलिपी कशी चालते हे कंपनीने गुपित ठेवलं होतं. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर एकेक करून घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रं घेऊन, ते गुपित बरंचसं उलगडून मांडलं. लिपीची किल्ली फक्त ४८ बिटांची होती आणि रचनेतही खोट होती. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी संपूर्ण विश्लेषण प्रसिद्ध करायचं ठरवलं. ही चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने ते थांबवण्यासाठी न्यायालय गाठलं. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. नुकसान होत असेल तर ते चिपमधल्या उणिवांमुळे, लेखामुळे नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

हा धडा नवा नव्हता. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की गुप्तलिपीची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी फक्त किल्ली गुप्त असल्यावर तिचा निभाव लागला पाहिजे. डेसफायरसारखी आजची चांगली कार्डं १२८ बिटांची, सर्वांसमोर तपासली गेलेली एईएस लिपी वापरतात. तरीही जुनी कार्डं आणि त्यांच्या स्वस्त नकला टिकून आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये क्वार्क्सलॅब कंपनीचे फिलिप ट्युवेन यांनी मायफेअर क्लासिकशी जुळणाऱ्या एका चिनी चिपमध्ये कारखान्यातच ठेवलेलं चोरदार दाखवून दिलं. अशी कार्डं हॉटेलं आणि कार्यालयांत वापरात होती.

दाराच्या रीडरवर 'स्मार्ट कार्ड' लिहिलेलं असतं, तेवढ्यावरून कार्ड कुठलं आहे ते कळत नाही. अनेक ठिकाणी डेसफायरचं महाग कार्ड घेतात, पण रीडर त्याचा उघडा अनुक्रमांकच वाचतो. तो वाचायला कुठलीही गुप्त किल्ली लागत नाही, म्हणजे पैसे नव्या कार्डाचे गेले आणि सुरक्षितता जुन्याचीच राहिली. पुरवठादाराला थेट विचारावं : रीडर कार्डाचा कोणता भाग वाचतो, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे?

रीडर आणि पॅनेल यांच्यामधली वायर

कार्ड भक्कम असलं तरी रीडर ते पॅनेलला कसं कळवतो, हा पुढचा टप्पा. १९७० च्या दशकात जॉन वीगंड यांनी विशिष्ट पद्धतीने पिळलेल्या मिश्रधातूच्या तारेचा एक चुंबकीय गुणधर्म शोधला आणि त्यावर प्रवेशकार्डं बनली. त्या तारेची कार्डं आता फारशी दिसत नाहीत, पण त्यांच्याबरोबर आलेली निरोपाची पद्धत 'वीगंड' याच नावाने टिकली. दोन वायरी असतात. एकीवर स्पंदन आलं की शून्य, दुसरीवर आलं की एक. सर्वांत प्रचलित निरोप २६ बिटांचा. त्यातले ८ बिट जागेचा संकेतांक, १६ बिट कार्डाचा क्रमांक आणि उरलेले दोन चूक पकडण्यासाठी. म्हणजे २५६ संकेतांक आणि प्रत्येकात ६५,५३६ क्रमांक, एवढाच सगळा पसारा. तेच क्रमांक जगात कुठेतरी दुसऱ्या इमारतीतही असू शकतात.

आकडे कमी पडतात यापेक्षा मोठी अडचण अशी, की निरोपाला कसलंच कुलूप नाही. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवण्यासारखं ते आहे. २०१५ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत मार्क बासेजिओ आणि एरिक एव्हन्चिक यांनी रीडरमागच्या वायरींना चिकटवता येणारं छोटं, स्वस्त उपकरण दाखवलं. ते जाणाऱ्या-येणाऱ्यांचे क्रमांक टिपतं आणि हवं तेव्हा पुन्हा वाजवतं. पॅनेलला खऱ्या कार्डात आणि त्यात काही फरक कळत नाही. महाग कार्ड, महाग रीडर आणि मध्ये उघडी वायर, अशी जुळणी आजही ठिकठिकाणी आहे.

यासाठी अमेरिकेतल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशनने ओएसडीपी ही नवी पद्धत पुढे आणली. २०२० मध्ये ती आंतरराष्ट्रीय आयईसी मानक झाली. ती आरएस-४८५ वायरीवर चालते, दोन्ही बाजूंनी बोलते आणि निरोप एईएसने झाकू शकते. वायर तोडली किंवा रीडर बदलला, तर पॅनेलला ते कळतं. 'झाकू शकते' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण लिपी चालू करणं ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये बिशप फॉक्स कंपनीच्या संशोधकांनी ओएसडीपीच्या वापरातल्या त्रुटी मांडल्या. बसवताना वापरलेली ठरावीक किल्ली तशीच राहणं आणि लिपीच चालू न करणं या त्यात प्रमुख होत्या. मानक चांगलं असून दार कमकुवत राहतं ते इथे, बसवणाऱ्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणून काम ताब्यात घेताना लिपी चालू असल्याचं पडद्यावर दाखवून घ्यावं आणि मगच बिल मंजूर करावं.

लाखो दारांची दुरुस्ती

दोष सापडणं अटळ आहे. प्रश्न दुरुस्ती दारापर्यंत पोचते का, हा. हॉटेलांच्या कुलपांनी याचं उत्तर दोनदा दिलं. जुलै २०१२ मध्ये कोडी ब्रोशस यांनी ऑनिटी कंपनीच्या हॉटेल-कुलपाच्या खालच्या बाजूला असलेल्या जोडणीच्या भोकातून, ५० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या सामानाने, कुलूप उघडून दाखवलं. अशी सुमारे ४० लाख कुलपं बसवलेली होती. कुलपातली आज्ञावली बदलायची सोयच नव्हती. पूर्ण उपाय म्हणजे प्रत्येक दारातला सर्किट बोर्ड बदलणं. तोवर भोक बुजवून काम भागवलं गेलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत या पद्धतीने झालेल्या चोऱ्या समोर आल्या.

मार्च २०२४ मध्ये इयन कॅरोल, लेनर्ट वाउटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोर्माकाबाच्या सॅफलॉक कुलपांबद्दल असंच जाहीर केलं. हॉटेलचं कुठलंही एक कार्ड मिळालं, अगदी मुदत संपलेलं, तरी त्यावरून दोन कार्डं बनवून त्या हॉटेलची कोणतीही खोली उघडता येत होती. १३१ देश, १३,००० हून अधिक ठिकाणं, ३० लाखांवर दारं एवढी त्याची व्याप्ती होती. संशोधकांनी कंपनीला सप्टेंबर २०२२ मध्येच कळवलं होतं. कंपनीने काम सुरू केलं, तरी जाहीर झालं त्या दिवशी ३६ टक्केच कुलपं सुधारली होती. ही कुलपं नेटवर्कला जोडलेली नसतात. माणसाला प्रत्येक दारापाशी जावं लागतं, आणि कार्ड बनवणारी यंत्रं व आज्ञावलीही बदलावी लागते. प्रवेशयंत्रणा विकत घेताना तिचं आयुष्य आणि दुरुस्तीचा मार्ग विचारणं यासाठी आवश्यक आहे. देखभालीच्या वार्षिक करारात सॉफ्टवेअरची सुधारणा लिहिलेली नसेल, तर तो करार फक्त धूळ पुसण्याचा आहे.

बोट आणि चेहरा

कार्ड दुसऱ्याला देता येतं, बोट देता येत नाही, हा बायोमेट्रिकच्या बाजूचा ठाम मुद्दा. हजेरीत एकमेकांचं कार्ड पंच करण्याची सवय मोडायला त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण ठसा गुप्त नसतो. आपण तो ग्लासवर, मोबाइलवर, दाराच्या मुठीवर ठेवून जातो. २००२ मध्ये जपानच्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातले त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटिनची बोटं बनवून ११ प्रकारच्या यंत्रांवर तपासली आणि ती सगळ्याच यंत्रांनी स्वीकारली. त्यानंतर जिवंत बोट ओळखणारे सेन्सर आले, तरी स्वस्त मशीनमध्ये ते असेलच असं नाही. बांधकामावर राबणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शेतात खपणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. त्यांचं बोट मशीन वारंवार नाकारतं, आणि दारात ताटकळण्याची वेळ नेमकी त्यांच्यावर येते.

चेहऱ्याची ओळख अलीकडे झपाट्याने पसरली. पुणे विमानतळावर डिजियात्रा मार्च २०२३ मध्ये आली, मुंबईत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मंत्रालयात २०२५ पासून चेहरा ओळखून प्रवेश देणारी यंत्रणा बसली. चेहऱ्याची चूक मात्र सगळ्यांना सारखी वाटून येत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ अल्गोरिदम तपासले. त्यातल्या अनेकांत आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांच्या बाबतीत चुकीची जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या १० ते १०० पट होती. म्हणून इथे यंत्र घ्यायचं, तर ते इथल्या माणसांवर, इथल्या उन्हात आणि अपुऱ्या उजेडात पारखून घेतलं पाहिजे.

कार्ड आणि बोट यांत एक फरक कधीच मिटणार नाही. कार्डाचा क्रमांक फुटला तर नवं कार्ड मिळतं. ठसा फुटला तर तो आयुष्यभरासाठी फुटला. ऑगस्ट २०१९ मध्ये बायोस्टार २ या प्रवेशयंत्रणेची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली संशोधकांना सापडली. २ कोटी ७८ लाख नोंदी, १० लाखांहून अधिक माणसांचे ठसे, चेहऱ्यांची माहिती आणि साध्या अक्षरांत ठेवलेले पासवर्ड त्यात होते. भारत आणि श्रीलंकेत शाखा असलेल्या एका जिमच्या साखळीतल्या सदस्यांचे ठसेही त्यात होते. व्यायामाला जाण्यासाठी दिलेलं बोट पुढे कशाकशाला पुरावा ठरेल, हे ते देताना कुणी विचारलं नव्हतं.

दूरचा सर्व्हर, जवळचं दार

यादी क्लाउडवर ठेवल्याने दहा शाखांची दारं एका ठिकाणाहून सांभाळता येतात आणि नोकरी सोडलेल्या माणसाचं कार्ड त्याच मिनिटाला बंद होतं. ही मोठी सोय आहे. तिच्याबरोबर अवलंबित्व येतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचं स्वतःचं नेटवर्क जगापासून तुटलं आणि सहाएक तास बंद राहिलं. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं, आणि तिथल्या कडक सुरक्षाव्यवस्थेमुळे आत पोचायलाही वेळ गेला. कार्यालयांच्या दारांवर कर्मचाऱ्यांची कार्डं चालत नसल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. निर्णयाची प्रत दारापाशी असणं आणि आणीबाणीत वापरायला सीलबंद यांत्रिक किल्ली असणं किती महत्त्वाचं आहे, ते त्या दिवशी दिसलं.

मोबाइल हीच किल्ली करण्याकडे आता कल आहे. फोनमधलं प्रमाणपत्र सहज रद्द होतं आणि फोन सहसा कुणी उसना देत नाही. पण ब्लूटूथच्या 'जवळ आहे' या खुणेवर भरवसा टाकणाऱ्या कुलपांना फसवता येतं. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकाने फोनचा संदेश दुरून दारापर्यंत पोचवून एक घरगुती स्मार्ट कुलूप उघडलं. महत्त्वाच्या दारावर फोन नुसता जवळ असणं पुरेसं धरू नये. तो अनलॉक करून टेकवायला लावावा.

बाहेरची वाट

इथवरची सगळी चर्चा आत येणाऱ्याला अडवण्याची होती. इतिहासातली मोठी मनुष्यहानी मात्र दुसऱ्या दिशेच्या दारांवर झाली. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला आग लागली आणि ६०० हून अधिक माणसं गेली; अनेक दारं बंद होती, काहींची कडी कशी उघडायची हे प्रेक्षकांना कळलं नाही. त्यातून कार्ल प्रिन्झलर यांनी सहकाऱ्यांसह पुढे 'पॅनिक बार' बनवला : गर्दीचा भार पडला की दार आपोआप उघडतं. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले. जिन्याचं एक दार मालकांनी कुलूप लावून ठेवलं होतं. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जण गुदमरून गेले; जादा खुर्च्यांनी अडलेली वाट आणि बंद दारं बाल्कनीतल्या प्रेक्षकांच्या आड आली.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा याबाबतचा नियम स्पष्ट आहे. सुटकेचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. कार्ड हीसुद्धा किल्लीच. म्हणून आतल्या बाजूलाही कार्ड टेकवावं लागणारं ईएम लॉकचं दार सुटकेच्या मार्गावर असेल, तर फायर अलार्म वाजताच ते आपोआप सुटलंच पाहिजे आणि जवळ काच फोडून वीज तोडणारा आणीबाणीचा स्विच हवा. अमेरिकेची एनएफपीए १०१ संहिता आणखी बारकाईने सांगते : हाताने दाबायच्या स्विचने कुलपाची वीज थेट तुटली पाहिजे, मध्ये सॉफ्टवेअर नको, आणि दार किमान ३० सेकंद सुटं राहिलं पाहिजे. आपल्याकडे अनेकदा एक्झिट स्विचची वायर पॅनेलला जाते आणि पॅनेल मग कुलूप सोडतं. पॅनेल अडकलं की आतली माणसं अडकतात.

इथे सुरक्षा आणि सुटका यांचा खरा संघर्ष आहे. फायर अलार्मने सगळी दारं सुटत असतील, तर खोटा अलार्म देऊन आत शिरता येईल, अशी भीती सुरक्षा-अधिकारी बोलून दाखवतात. भीती खोटी नाही. तिचं उत्तर सुटकेचं दार बंद ठेवण्यात मात्र नाही. मौल्यवान वस्तू सुटकेच्या मार्गापासून वेगळ्या, फेल-सिक्युअर खोलीत ठेवाव्यात, जिचं दार आतून मुठीने नेहमी उघडतं. अलार्म वाजताच कॅमेऱ्यांचं आणि रक्षकांचं लक्ष दारांकडे वळवावं. चोरीची भरपाई होते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा व्यवस्था चालू असल्याचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. त्याच दिवशी अलार्म वाजवून प्रत्येक ईएम लॉक सुटतो का, हे चालत जाऊन पाहण्याचा पायंडा प्रत्येक सोसायटीने आणि कार्यालयाने पाडावा. त्याला वेगळा खर्च नाही.

मागून आलेला माणूस आणि मागे राहिलेलं नाव

सर्वांत सोपी घुसखोरी अजूनही तंत्राविना होते. हातात खोकी असलेल्या माणसासाठी आपण दार धरून ठेवतो. त्यात आपला चांगुलपणा आहे आणि तो संपवून कुठलीही इमारत राहण्याजोगी होणार नाही. म्हणून जिथे खरोखर गरज आहे तिथेच एका वेळी एकालाच सोडणारे फ्लॅप बॅरियर किंवा दोन दारांची कोठडी हवी. बाकी ठिकाणी स्वागतकक्षातला जागा माणूस. वॉचमनला आठ तासांची पाळी, बसायला खुर्ची आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार मिळाला, तर तो कुठल्याही रीडरपेक्षा जास्त अडवतो. आज अनेक ठिकाणी त्याला बारा तास उभं करतात आणि सभासदाच्या पाहुण्याला अडवल्याबद्दल बोलणीही खायला लावतात.

दुसरी सोपी वाट म्हणजे यादी. सोडून गेलेले भाडेकरू, बदललेले ठेकेदार, जुन्या मशीनवाल्याचं चाचणीचं कार्ड आणि कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड, हे सगळे वर्षानुवर्षं आत येऊ शकतात. यंत्रणेचा सर्वांत मोठा फायदा प्रवेश रद्द करता येणं हा होता. तो न वापरणाऱ्याने महागडी धातूची किल्लीच घेतली. यादीला एक मालक हवा, आणि दर तिमाहीला ती वाचून काढली गेली पाहिजे.

नोंद कुणाची?

प्रत्येक टिकटिकीची नोंद राहते. आगीत कोण आत अडकलंय हे तिच्यावरून कळतं, चोरीचा तपास होतो. तीच नोंद कोण किती वेळा उठलं, घरकामाच्या ताई किती मिनिटं उशिरा आल्या, कुणाकडे कोण रात्री आलं, हेही सांगते. सोसायट्यांच्या गेटवरच्या ॲपमध्ये रोज येणाऱ्या कामगारांचे फोटो आणि वेळा साठतात. त्या पाहायला मिळतात सभासदांना, त्या कामगारांना नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यानंतर आला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. हेतू सांगणं, संमती घेणं आणि हेतू संपला की माहिती पुसणं ही त्याची दिशा आहे. डिजियात्रेत प्रवाशाची ओळख त्याच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाला दिलेली प्रत उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असं धोरण जाहीर केलेलं आहे. राष्ट्रीय पातळीवरची यंत्रणा पुसण्याची मुदत सांगत असेल, तर चाळीस फ्लॅटच्या सोसायटीलाही ती ठरवता येईल. ठसा मशीनबाहेर जाणार नाही, नोंद ठरावीक दिवसांनी पुसली जाईल आणि ज्याला बोट द्यायचं नाही त्याला कार्डाचा पर्याय असेल, एवढा ठराव सभेत मांडायला कायद्याची अंमलबजावणी पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही.

निवड कशी करावी?

या सगळ्यातून माझं मत असं बनलं आहे, की प्रवेशयंत्रणेवर खर्च करताना क्रम उलटा लावावा. आधी सुटकेची वाट : फायर अलार्मची जोडणी, थेट वीज तोडणारा स्विच, नियमित चाचणी. मग मधला सांगाडा : आत बसवलेला कंट्रोलर, लिपी चालू असलेली ओएसडीपी, ठरलेल्या मुदतीला बदलली जाणारी बॅटरी. मग यादी आणि नोंदी : मालक कोण, पुसणार कधी. कार्ड की बोट की चेहरा, हा प्रश्न शेवटी. साध्या निवासी इमारतीच्या मुख्य दाराला एईएसचं कार्ड पुरेसं आहे. प्रयोगशाळेला, औषधांच्या कोठाराला, सर्व्हर रूमला कार्डाबरोबर पिन किंवा बोट असे दोन पुरावे लागतील. सगळ्या दारांना एकच पातळी लावण्याने पैसे जातात आणि लोक कंटाळून दाराला पाचर मारतात.

इमारत सुरक्षित आहे की नाही, हे तिच्यात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांनी ठरवायचं असतं, विक्रेत्याने नाही. त्यांना त्यासाठी अभियंता व्हावं लागत नाही. मेन स्विच बंद केला तर काय होईल, अलार्म वाजवला तर काय होईल, गेल्या वर्षी सोडून गेलेल्या माणसाचं कार्ड आज लावलं तर काय होईल, हे तीन प्रयोग कुणालाही करता येतात. ते करून पाहण्याचा आग्रह धरणं हा रहिवाशाचा आणि कर्मचाऱ्याचा हक्क आहे, आणि पुढचं कोटेशन मागवण्याआधी तो बजावला पाहिजे.